येऊन राहिलो

कळमना, नागपूर
मंगळवार, दुपार

प्रिय उन्नती,

रविवारी संध्याकाळी तुझा मेसेज आला. त्यात एकच शब्द, 'अखेर!' आणि पुढे हसऱ्या तोंडांची रांग. मिशनच्या सचिवसाहेबांच्या घरून तुला बातमी पोचली, हे लगेच कळलं. त्यानंतर तुझे फोन येत राहिले आणि मी ते उचलले नाहीत. रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण हे पत्र वाचून झाल्यावर. फोनवर मी काही सांगायला लागलो की तू 'हं' म्हणतेस, आणि तुझ्या 'हं'पुढे माझं बोलणं टिकत नाही, हे लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासूनचं आहे. म्हणून कागद घेतला. सगळं वाच. मध्येच उठून आईंना वाचून दाखवू नकोस.

आपलं काय ठरलं होतं ते मी विसरलेलो नाही. मी वर्षभर नागपूरला जाऊन बघायचं. जम बसला तर तू शाळेतून रजा काढून इकडे यायचं, नाही बसला तर मी गाशा गुंडाळून श्रीरामपूरला परतायचं. वर्ष भरलं. पंधरा दिवसांपूर्वी सचिवसाहेबांचा फोन आला तो तुला सांगितलाच होता. सात माणसांसाठी एक पाळक ठेवणं मिशनला बरं दिसत नाही, ईस्टरनंतर कळमन्याची उपासना बंद करू, तिथल्या लोकांनी शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये जावं आणि मी श्रीरामपूरजवळची एक जुनी, जम बसलेली मंडळी सांभाळावी. काय ते रविवारपर्यंत कळवा म्हणाले. ते ऐकल्यापासून तू पुढची खोली रंगवून घेतलीस, माझ्या पुस्तकांसाठी कपाट रिकामं केलंस, हे आईंनीच सांगितलं मला. कुठला रंग ते मात्र सांगितलं नाही.

आणि खरं सांगतो, परवाच्या रविवारी सकाळी मी उठलो तो 'हो' म्हणायचं ठरवूनच उठलो. तुला इथली कहाणी तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे, पण मी फोनवर नेहमी सावरून सांगत आलो. आता एकदा न सावरता सांगतो.

आमची उपासना ज्या खोलीत होते ती मनोहररावांची. मनोहरराव उमरेडचे, घराणं विणकरांचं. त्यांच्या वडिलांचा हातमाग या खोलीत होता. माग कधीच मोडला, पण मागाखालचा खड्डा तसाच आहे. विणकर त्यात पाय सोडून बसायचा. आता त्यावर दोन फळ्या टाकल्यात. पहिल्याच रविवारी उपदेशाच्या भरात मी पुढे सरकलो, फळी तिरपी झाली आणि माझा डावा पाय मांडीपर्यंत खाली गेला. सगळ्यांना वाटलं, हाही उपदेशाचाच भाग. कुणी जागचं हललं नाही. आमच्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या रुखमाबाई तर 'आमेन' म्हणाल्या. तो पाय पुढे महिनाभर ठणकत होता, आणि तुला मी सांगितलं होतं की जिन्यावरून घसरलो. इथं जिनाच नाही.

भिंतीपलीकडे मनोहररावांची पिठाची गिरणी आहे. सहा दिवस ती अधूनमधून चालते आणि रविवारी सुटीचं दळण आलं की दम घेत नाही. मी प्रार्थनेला डोळे मिटले की पट्टा फिरायला लागतो. त्यात पलीकडे कळमन्याचा बाजार. संत्र्याच्या दिवसांत तो वास इतका गोड येतो की माणूस नागपूरला सगळं माफ करेल. पण आता मिरचीचे दिवस आहेत. पोती हलवली की नाकात झोंबणारा खाट उठतो आणि वारा आमच्या खिडकीकडे असला की अख्खी मंडळी शिंकते. मी 'आपण शांत राहून' एवढं म्हणतो आणि सात जण सात सुरांत शिंकतात. आठवा मी. खिडकी लावावी तर मार्चमध्येच जीव उकडून निघतो. माझं नाव शांतवन ठेवणाऱ्या आजोबांना एकदा इथं आणून उभं करायला हवं होतं.

मनोहररावांशी तर पहिल्याच दिवशी घोळ झाला. तो मी तुला कधीच सांगितला नाही, कारण तू गावभर केला असतास. खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी चहा दिला आणि आपुलकीनं विचारलं, "मंडळी कोठी हाय तुमची?" मला कोण आनंद! माणसाला आपल्या कामाची आस्था आहे असं वाटलं. मी म्हणालो, इथं सध्या सातच आहेत, पण माझा प्रयत्न वर्षभरात पन्नास तरी करण्याचा आहे. ते कपबशी हातात धरून माझ्याकडे बघतच राहिले. आतून त्यांच्या बायकोनं, तुळजाबाईंनी, दाराचा पडदा ओढून घेतला. ते मंडळी म्हणजे बायको विचारत होते हे माझ्या डोक्यात शिरायला आठवडा लागला, तोही दुसऱ्याच कुणी हसत हसत सांगितलं तेव्हा. मग त्यांना समजावलं, एकच आहे हो, श्रीरामपूरला शिक्षिका आहे. तेव्हापासून भेटले की विचारतात, "मंडळी कधी येऊन राहिली?" आणि मी 'येईल, येईल' म्हणतो. तुळजाबाई अजूनही माझ्यासमोर पदर सावरूनच येतात.

माणूस मात्र चांगला आहे. पावसाळ्यात चार तरुण दारात येऊन उभे राहिले, आवाज चढवून विचारायला लागले की इथं दर रविवारी चालतं काय, कुणाला आणता, कुणाला काय करता. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. मी काही वेडंवाकडं बोलण्याआधी मनोहरराव पिठानं माखलेले बाहेर आले आणि म्हणाले, "बसून राहते, गाणं म्हणून राहते, शिंकून राहते. आणखी काय करन हे म्हाताऱ्याकोताऱ्याचं टोळकं? दळण आणलं का तुम्ही? नाही? मंग रस्ता मोकळा करा." ते चौघे गेले. पण त्यानंतर कुणी नवं माणूस दाराशी आलं की आत यावं म्हणून बोलवायलाही माझी जीभ उचलत नाही. पन्नासाचं सोड, आठवं माणूस वर्षभरात आलं नाही.

हे सगळं मी सहन केलं असतं गं. मला खरं छळलं ते एका शब्दानं. उपासना दहाला सुरू व्हायची. मी पावणेदहापासून खुर्च्या पुसून, घड्याळ समोर ठेवून बसतो. दहा होतात, सव्वादहा होतात, चिटपाखरू नाही. मी हेमराजला फोन करतो. हेमराज बाजारात पोती उचलतो, आमच्यात त्याच्याचकडे नीट चालणारा फोन. तो म्हणतो, "येऊन राहिलो जी." आपल्या नगरकडच्या कानाला याचा अर्थ काय? आलो आणि मुक्काम टाकला. पहिल्या रविवारी मी खरंच बाहेर जाऊन बघून आलो, येऊन राहिले असतील तर राहिलेत कुठे! पुढे कळलं, इकडे त्याचा अर्थ 'येतो आहोत'. पुन्हा फोन केला की, "येऊनच राहिलो नं जी." अकरा वाजून जातात तेव्हा घामानं निथळत सातही जण एकदम दारात. माफी नाही, कारण नाही. वर्षभर हेच. मी चिडून उपदेश केला, वेळेचं महत्त्व सांगितलं, उपासना अकराला केली, तर ते बाराला यायला लागले. मग पुन्हा दहा केले.

आणि ती खुर्ची! दर रविवारी हेमराज लाल प्लास्टिकची एक खुर्ची डोक्यावर घेऊन येतो. इथं भिंतीशी खुर्च्यांची रांग आहे, त्यातल्या बऱ्याच रिकाम्या. पण रुखमाबाई त्या लाल खुर्चीवरच बसणार, आणि उपासना संपली की खुर्ची परत त्यांच्यासोबत जाणार. आमच्या खुर्च्यांना काय काटे आहेत? एकदा विचारलं तर हेमराज म्हणाला, "असू द्या नं जी, लागते." लागते म्हणजे काय लागते? मी तेही मनात धरून ठेवलं होतं. एकटा माणूस काय काय मनात धरून ठेवतो, तुला सांगून पटायचं नाही.

तर परवाचा रविवार. दहा वाजून गेले, कुणी नाही. गिरणी सुरू, मिरचीचा वारा सुरू. मी फोन केला नाही. ज्या शब्दानं वर्षभर डोकं उठवलं तो पुन्हा ऐकायचा नव्हता. खिडकी लावली, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली मनोहररावांच्या हातात दिली. "काहून जी, आज सुटी?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, हो, कायमची. त्यांनी किल्लीवरचं पीठ फुंकलं आणि ती खिशात टाकली. मी ऑटो केला आणि स्टेशनला निघालो. तिकीटच काढून टाकू म्हटलं, म्हणजे सचिवसाहेबांना फोन करताना आवाज कापायला नको.

रेल्वेच्या फाटकाशी ऑटो अडकला. कळमन्याचं फाटक एकदा पडलं की पडलं, समोरून मालगाडी सरकत होती, डब्यामागून डबा. शेवटचा डबा गेला आणि पलीकडे, ट्रकच्या आणि सायकलींच्या गर्दीत, अगदी पुढे मला ती लाल खुर्ची दिसली. भर रस्त्यात मांडलेली. तिच्यावर रुखमाबाई बसलेल्या, पाय सुजून पुरीसारखे झालेले. दामिनी, ती दवाखान्यात आयाचं काम करते, ओढणी धरून त्यांच्या डोक्यावर सावली करत होती. बाकीचे भोवती उभे. फाटक उघडलं. दोघींनी रुखमाबाईंना काखेत हात घालून उठवलं, हेमराजनं खुर्ची डोक्यावर घेतली, आणि सगळे रुळांवरून एकेक पाऊल टाकत अलीकडे आले. मागून गाड्या हॉर्न वाजवून राहिल्या होत्या. (बघ, मीही लिहून गेलो.) अलीकडे चहाच्या टपरीपाशी खुर्ची पुन्हा खाली ठेवली, रुखमाबाई बसल्या, आणि तिथंच उभ्या उभ्या त्या लोकांनी एक गीत म्हणायला सुरुवात केली. एक कडवं झालं की उठायचं, थोडं चालायचं, खुर्ची ठेवायची, पुढचं कडवं. ऑटोवाला मागे वळून मला म्हणाला, "हर इतवारी निघते जी ही वरात. इथूनच जाते."

उन्नती, ते खरंच येऊन राहिले होते. वर्षभर दर रविवारी, प्रत्येक फोनच्या वेळी, ते खरोखर येऊन राहिले होते. आणि मी घड्याळासमोर बसून त्यांना मनातल्या मनात खोटारडे ठरवत होतो.

आता तुला वाटेल माझं मन भरून आलं. मन भरून आलं ते नंतर. आधी मी ऑटोतून उडी मारली आणि रस्त्यातच ओरडलो. मला सांगायला काय झालं होतं? मनोहररावांची मोटरसायकल मागून रुखमाबाईंना मी बसवून आणलं नसतं का? टपरीवरचे लोक चहा सोडून बघायला लागले. रुखमाबाईंनी श्वास घेतला आणि म्हणाल्या, "गाडीवर मी एकटीच येईन नं बाप्पा. मंग हे काहून येतीन? मले आणायचं हाय म्हणून तर उठते हे लोकं. हा हेमराज तर दुपारपावतर झोपून राहीन." हेमराज हसला. मग काजलनं, दामिनीच्या थोरल्या लेकीनं, माझ्या ऑटोकडे आणि खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं. तिची जीभ तुझ्यासारखी. "पण तुम्ही कोठी जाऊन राहिले जी? उपासनेची येळ झाली नं." मी म्हणालो, तुम्हाला उशीर का होतो ते बघायला निघालो होतो. इतकं फुसकं खोटं मी आयुष्यात बोललो नाही. ती म्हणाली, "उशीर कोणाले? आमची तर घरूनच सुरू होते. तुम्हीच मागून येता."

मी ऑटोवाल्याला जायला सांगितलं आणि हेमराजच्या डोक्यावरची खुर्ची घेतली. ती डोक्यावर घेऊन चालणं दिसतं तेवढं सोपं नाही, तिचे पाय कानांना लागतात. गीत मला येत होतं, तरी चालताना दम पुरेना. पोचलो तेव्हा किती वाजले होते ते मी पाहिलं नाही. मनोहररावांनी गिरणीच्या दारातून आमची वरात पाहिली, माझ्या डोक्यावरची खुर्ची पाहिली, आणि किल्ली पुढे करत म्हणाले, "काहून जी, कायमची सुटी संपली?" त्यांनी गिरणी काही बंद केली नाही. आम्ही सगळे मनसोक्त शिंकलो. प्रार्थनेत रुखमाबाईंनी इथं पोचवल्याबद्दल देवाचे आभार मानले, दर रविवारी मानतात तसेच. मी ते वर्षभर ऐकत होतो आणि मला वाटत होतं, म्हातारं माणूस आहे, काहीतरी म्हणतं.

शहरातल्या त्या मोठ्या चर्चला पंखे आहेत, वाद्यं आहेत, दारात गाड्या लावायला जागा आहे. पण लाल खुर्ची तिथवर पोचायची नाही. आणि रुखमाबाई निघाल्या नाहीत तर बाकीचे उठणार नाहीत. हे मला आता डोळ्यांनी दिसलं आहे, त्याला मी काय करू? मी सुधारलो असं मात्र समजू नकोस. कालच गिरणीवरून मनोहररावांशी भांडलो. मिरचीनं नाक सोलून निघालं आहे. या गावावर माझा अजून तितकाच राग आहे, आणि त्यात आता हा नवा राग, की यानं मला धड जाऊही दिलं नाही.

रविवारी दुपारी मी सचिवसाहेबांना फोन लावला. काय ठरलं म्हणाले. उपासनेनंतर मी शब्द जुळवत बसलो होतो ते सगळे विसरलो आणि म्हणालो, "साहेब, मी येऊन राहिलो." मला म्हणायचं होतं, आपल्या भाषेत, की आलो आणि आता राहिलो. पण साहेब मूळचे आर्वीचे, वऱ्हाडी बोलीत वाढलेले. त्यांनी ऐकलं की मी निघालोच. "वा वा, या, या!" म्हणून त्यांनी फोन ठेवला, घरात सांगितलं, आणि घरातून ते तुझ्यापर्यंत गेलं. तुझ्या त्या 'अखेर'ची हकीकत एवढीच आहे. काल त्यांना फोड करून सांगितलं, ते चिडले, मग हसले, मग म्हणाले बघू आणखी एक वर्ष. त्यांना सांगणं सोपं होतं. तुला सांगायला हात उचलत नव्हता, म्हणून हे पत्र. तुला कळलं ते खरं आहे, उन्नती, मी येऊन राहिलो. फक्त तू ते आपल्या भाषेत वाच. तू नाही म्हणालीस तर मी समजून घेईन असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. मी चिडेन, तुझ्याशी भांडेन, मला तुझ्यावाचून करमत नाही हे शंभरदा सांगेन, आणि तरी इथंच राहीन. शाळेला सुट्टी लागली की एकदा ये. रंगवलेली खोली तशीच असू दे, तुला परत जावंसं वाटलं तर तुझी तुला हवी. मनोहरराव आज सकाळी पुन्हा विचारत होते, मंडळी कधी येऊन राहिली? मी पहिल्यांदाच 'येईल' म्हणालो नाही, 'येऊन राहिली' म्हणालो. मला खोटं पाडू नकोस. सावकाश ये, वाटेत दम लागला तर थांबत ये. स्टेशनवर खुर्ची घेऊन मी उभा असेन.

तुझाच, आणि आता कळमन्याचाही,
शांतवन